मेल्ट अँड पोअर साबण : बेस कुठला घ्यायचा, साबणाला घाम का फुटतो आणि थर का सुटतात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण तुमच्या पहिल्या लॉटमध्ये जे जे झालंय त्यातलं जवळपास सगळं माझ्याकडेही कधी ना कधी झालेलं आहे. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही एक किलो बेस आणला, अर्धा पारदर्शक अर्धा पांढरा, दोन थरांचा साबण केला, त्यात लिंबाचा रस, बदामाचं तेल आणि गुलाबाच्या पाकळ्या घातल्या, लवकर सेट व्हावा म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला. दोन दिवसांनी वरती पाण्याचे थेंब, पाकळ्या तपकिरी, थर हातात वेगळे आणि फेस पण नीट येत नाही. आता दुसऱ्या वेळेला सामान काय घ्यायचं असं विचारताय. मी गेली ११ वर्षं साबण करतेय, त्यातली पहिली चार फक्त मेल्ट अँड पोअरच, म्हणजे तयार बेस वितळवून साच्यात ओतायचा साबण, करत होते, तर जे मला माहितीये ते सगळं सांगते, उत्तर लांब होणार आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, बाकी सगळं त्यातून आपोआप कळत जाईल. तुम्ही जो बेस विकत आणता तो कच्चा माल नाहीये, तो पूर्ण झालेला साबण आहे. तेल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, हे काम बेस बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. नुसता साबण तापवला तर तो नीट पातळ होत नाही, लगदा होतो, म्हणून त्यात वरून आणखी ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, साखर, पाणी असं मोजूनमापून घातलेलं असतं, त्यामुळे तो वितळतो, पारदर्शक दिसतो आणि गार झाला की परत घट्ट होतो. म्हणजे हे सगळं एका ठरावीक तोलावर उभं आहे. आपण वरून काहीही घातलं की तो तोल थोडा हलतो. चिमूटभर घातलं तर चालतं, चमचे चमचे घातलं की साबण बिघडतो. नवीन माणसाचा लॉट फसतो तो बहुतेक वेळा काही घालायचं राहिलं म्हणून नाही, फार घातलं म्हणून किंवा फार तापवलं म्हणून फसतो.

आता तुमचा लिंबाचा रस बघा. साबण अल्कली बाजूचा असतो, पीएच साधारण ९ ते १० च्या आसपास. त्यात आंबट काहीही घातलं, लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक अ‍ॅसिड, दही, तर साबणाचा काही भाग फुटून परत फॅटी अ‍ॅसिड होतो, ते कणीसारखं दिसतं, चिकट लागतं आणि फेस मरतो. पीएच ‘त्वचेसारखा’ करायचा म्हणून लोक मुद्दाम लिंबू घालतात, पण साबणाचा पीएच तेवढा खाली आणला तर तो साबणच राहत नाही. लिंबाचा वास हवा असेल तर वास घाला, रस नको. शिवाय ताजा रस, ताजं दूध, फळांचा गर, कोरफडीचा ताजा गर, काकडी, या सगळ्यात पाणी आणि जंतूंना खायला असतं, बेस गार झाल्यावर ते आत कुजतं. बाहेरून आठ दिवस छान दिसेल, मग कडेने बुरशी येईल किंवा आंबूस वास. व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं असं खूप जण सांगतात, ते खरं नाही, व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, बुरशीला थांबवत नाही.

बदामाचं तेल घालायला हरकत नाही पण ५०० ग्रॅम बेसला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली, बास. ही मर्यादा सगळी तेलं आणि बटर मिळून आहे हं, बदाम एक, शिया एक, खोबरेल एक असं नाही. जास्त झालं तर साबण मऊ आणि तेलकट होतो, फेस बसतो, आणि तेलाचा पातळ पापुद्रा वर येऊन थर धरत नाहीत. तुमचे थर सुटायला हे एक कारण नक्की असणार. जास्त मॉइश्चरायझिंग हवंय तर तसा बेसच विकत घ्या, शिया बटरचा किंवा शेळीच्या दुधाचा, त्यात ते योग्य प्रमाणात आधीच असतं.

पाकळ्यांचं तर काहीच करता येत नाही. साबणातल्या ओलाव्याने आणि अल्कलीने गुलाब, लॅव्हेंडर, जास्वंद सगळं काही दिवसांत तपकिरी होतं, वाळवून घातलं तरी होतं. वाळवलेल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या मात्र पिवळ्या केशरी राहतात, मी फक्त त्याच वापरते आणि त्यासुद्धा थोड्या, कारण बाथरूमच्या जाळीत अडकतात.

आता घाम. तुम्ही म्हणताय साबणातून पाणी सुटतंय. सुटत नाहीये, तो हवेतलं पाणी ओढून घेतोय. ग्लिसरीनचा स्वभावच तो आहे, आणि बेसमध्ये ते भरपूर असतं, म्हणून दमट हवेत उघडा ठेवला की वर बारीक थेंब जमतात. साबण खराब झालेला नसतो, वापरायला एकदम ठीक असतो, फक्त दिसायला वाईट. फ्रीझरने हे दुप्पट होतं, कारण बाहेर काढल्यावर थंडगार साबणावर हवेतली वाफ लगेच जमते, वर ग्लिसरीन आहेच ती धरून ठेवायला. म्हणून फ्रीझर बंद. खोलीतल्या तापमानाला चार ते सहा तास द्या, मोठ्या लोफला, म्हणजे नंतर कापायच्या लांब ठोकळ्याला, रात्रभर. साच्यातून काढला की त्याच तासाभरात गुंडाळा, क्लिंग रॅप घट्ट ओढून मागे चिकटपट्टी किंवा श्रिंक रॅप आणि हेअर ड्रायर. ‘एक दोन दिवस वाळू द्या’ हा सल्ला कोल्ड प्रोसेस साबणाचा, म्हणजे तेल आणि सोडियम हायड्रॉक्साइडपासून घरीच केलेल्या साबणाचा आहे, तिकडे चार ते सहा आठवडे क्युअर करतात, म्हणजे वाळवून मुरवतात, इकडे वाळवायचं काहीच नाही, उलट जितका उघडा ठेवाल तितका घाम. नुसत्या कागदी डबीत ठेवला तरी घाम येतोच कारण कागदातून हवा जाते, आत प्लास्टिकचं आवरण लागतंच. ‘लो स्वेट’ नावाने बेस मिळतात, त्यात ओलावा ओढणारे घटक कमी असतात, दमट हवेच्या ठिकाणी राहत असाल तर त्याने फरक पडतो, पण गुंडाळायला त्यालाही लागतंच.

बेस कसा निवडायचा हा तुमचा मुख्य प्रश्न, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण पैसे जर कुठे घालायचे असतील तर ते इथेच. महागडे साचे आणि चाळीस प्रकारचे रंग घेऊन स्वस्त बेस वापरणं म्हणजे सगळं उलटं. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. यादी नसेल तर घेऊ नका, मग तो दुकानदार कितीही गोड बोलो. यादीत जे सर्वात जास्त ते आधी लिहिलेलं असतं. सोडियम स्टिअरेट, सोडियम लॉरेट, सोडियम मायरिस्टेट, सोडियम कोकोएट, सोडियम पामेट असली नावं म्हणजे खरा साबण, वेगवेगळ्या फॅटी अ‍ॅसिडचे क्षार. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल, हे ते वितळवणारे आणि पारदर्शक करणारे. मग सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर त्यात डिटर्जंट जातीचा फेस मिसळलाय. यात लपवण्यासारखं काही नाही, बऱ्याच बेसमध्ये असतो, फेस मस्त येतो, पण कोरड्या किंवा नाजूक त्वचेच्या माणसाला ताणल्यासारखं वाटू शकतं. लॉरेथ आणि लॉरेट ही नावं दिसायला सारखी आहेत, लोक गोंधळतात. ‘सोडियम लॉरेट’ हा साबण आहे, ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ हा सर्फॅक्टंट, म्हणजे डिटर्जंट जातीचा फेस करणारा घटक. नावाच्या शेवटी सल्फेट आहे का ते बघायचं.

पांढऱ्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, यादीत सीआय ७७८९१ असंही लिहितात (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, प्रत्येक रंगाला दिलेला नंबर), त्याला घाबरू नका. त्याच्यामुळेच तो पांढरा दिसतो, नाहीतर पांढरा आणि पारदर्शक यात तसा मोठा फरक नसतो. म्हणून पांढऱ्यात कुठलाही रंग घातला की फिकट होतो, लाल घातला तर गुलाबी, काळा घातला तर राखाडी. गडद, काचेसारखा रंग हवा तर पारदर्शक बेस. पहिल्यांदा घेताय तर एक पारदर्शक एक पांढरा असे एकाच कंपनीचे घ्या, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचे बेस एकावर एक ओतले की कधी कधी आकसण्याचं प्रमाण वेगळं असतं आणि थर सुटतात, आणि हे तुमच्या बाबतीतही झालं असू शकतं.

शेळीच्या दुधाचा बेस म्हणजे दुधाचाच साबण अशी समजूत आहे, दूध त्यात कमीच असतं, यादीत ते कितव्या नंबरला आहे ते बघा म्हणजे कळेल. पण तो हाताला मऊ लागतो आणि मला आवडतो, रंग जरा सायीसारखा असतो त्यामुळे एकदम शुभ्र पांढरा किंवा स्वच्छ निळा हवा असेल तर त्यात जमत नाही. पाकिटावर ‘लाय नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर भाळू नका, लाय म्हणजे तेच सोडियम हायड्रॉक्साइड, तिच्याशिवाय साबण होतच नाही, तयार साबणात ती उरत नाही एवढंच. ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’, ‘केमिकल फ्री’ यातून मला काहीच कळत नाही, यादीतून कळतं.

आणि कुठलाही बेस किलोंनी घ्यायच्या आधी पाव किलो आणा, काहीही न घालता वितळवा, दोन वड्या ओता, एक बाथरूममध्ये उघडी ठेवा आणि एक आठवडाभर रोज वापरा. चांगला बेस वितळल्यावर पातळ पाकासारखा वाहतो, जवळजवळ वास नसतो, गार झाल्यावर नखाने दाबला तर घट्ट पण थोडा दबणारा. साधा बेस वितळवतानाच उग्र वास मारत असेल, किंवा वडी चार दिवसांत पाण्यात जेलीसारखी लिबलिबीत होत असेल तर परत घ्यायचा नाही. हात धुवून पुसल्यावर दहा मिनिटांनी त्वचा कशी वाटते हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

वितळवणं. इथे थर्मामीटर पाहिजेच, अंदाजाने करू नका. बेस साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळतो, मी ६५ च्या वर जाऊ देत नाही, ७० च्या पुढे तर अजिबात नाही. जास्त तापला की त्यातलं पाणी उडतं, पारदर्शक बेस पिवळट होतो, जळका वास येतो आणि नंतर वडी रबरासारखी चिवट होते, घामही जास्त येतो. उकळी येणं म्हणजे तर गेलाच. दोन तीन सेंटीमीटरचे तुकडे करा, सारखे करा, नाहीतर बारीक तुकडे जळतात आणि मोठे मधून कच्चे राहतात. मायक्रोवेव्हमध्ये आधी ३० सेकंद, मग ढवळून १० ते १५ सेकंदांचे टप्पे, आणि थोडे खडे राहिले असतानाच बाहेर काढून नुसतं ढवळत राहायचं, ते आतल्या उष्णतेने विरघळतात. मोठा लॉट असेल तर डबल बॉयलर, खाली मंद आच, वर झाकण, कारण उघड्या भांड्यातून पाणी उडून जातं आणि वर साय धरते. झाकणाचं पाणी आत पडू देऊ नका. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतं आणि वरची साय आधी गार झालेली असते, म्हणून ते वापरत असाल तर ढवळून लगेच मोजा, मला तरी आत बुडवायचं सळईवालं जास्त भरवशाचं वाटतं.

एक सावधगिरी, ही सोपी कला आहे म्हणून लहान मुलांना सोबत घेतात, घ्या, पण ओतायचं काम मोठ्यांनीच करा. ६० अंशाचा साबण पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो. सांडला तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली.

वितळून झाल्यावर गडबड करायची नाही. वास आणि रंग घालायचे ते ५५ च्या आसपास आल्यावर, हळू ढवळून, फेटायचं नाही नाहीतर बुडबुडे अडकतात. बुडबुड्यांवर उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्प्रे बाटलीत भरून ओतल्यावर लगेच वरून एक हलका फवारा, बुडबुडे डोळ्यांदेखत फुटतात. ७० टक्के असो की ९९, दोन्हीने काम होतं, फक्त सुगंध, रंग किंवा जेल मिसळलेलं हँड सॅनिटायझर घेऊ नका. आणि हे पेट घेतं हे विसरू नका, गॅस चालू असताना शेजारी फवारायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची.

आता तुमचे सुटलेले थर. दुसरा थर चिकटण्यासाठी पहिल्यावर साय घट्ट धरलेली पाहिजे पण आतून तो अजून कोमट पाहिजे. मी बोटाने हलकेच दाबून बघते, वर कापडासारखा ताण लागतो आणि खाली थोडं हलतं, तेव्हा. मग पहिल्या थरावर अल्कोहोल, दुसरा थर ५० ते ५५ अंशाला, चमच्याच्या पाठीवरून हळू ओतायचा म्हणजे धार भोक पाडत नाही. ६० च्या वर असेल तर खालचा थर वितळून रंग मिसळतात, आणि खालचा पूर्ण गार झाला असेल तर चिकटत नाही, सुंदर दिसतो पण कापताना दोन तुकडे. काही कारणाने गार झालाच तर काट्याने वर आडवेउभे ओरखडे काढा, अल्कोहोल फवारा आणि मग ओता. आत छोटे आकार, फुलं वगैरे बसवायची असतील तर तेही आधी अल्कोहोलमध्ये बुडवून आणि बाहेरचा साबण ५० च्या आसपास आणूनच, नाहीतर त्यांच्या कडा विरघळतात. ओट्सचा भुगा, खसखस, कॉफीची पूड असं जे तळाला बसतं त्याचंही उत्तर हेच आहे, पातळ गरम साबणात घालायचं नाही, साबण जरा जाडसर व्हायला लागेपर्यंत ढवळत थांबायचं आणि मग घालून ओतायचं.

वासाबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय, कारण एकदा माझ्याच घरात यावरून त्रास झालेला आहे. मेणबत्तीसाठी घेतलेलं एक सुगंधी तेल, विकणाऱ्याने ‘साबणात पण चालतं’ असं सांगितलं म्हणून मी वापरलं, कागद मागितला नाही, आणि माझ्या बहिणीच्या मानेवर आणि हातांवर लाल चट्टे उठले, आठवडाभर खाज गेली नाही. तेव्हापासून कागदाशिवाय एकही बाटली घरात येत नाही. कागद म्हणजे इफ्राचं सर्टिफिकेट. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७३ पासून आहे, आणि कुठल्या प्रकारच्या वस्तूत कुठला वास जास्तीत जास्त किती टक्के चालेल याची वर्गवारी ते करतात. साबण, शाम्पू, अंगावर लावून धुवून टाकायच्या गोष्टी यांना तिथे ९ नंबरचा वर्ग आहे. सर्टिफिकेटवर ९ पुढे जो आकडा आहे त्याच्या वर जायचं नाही. तो आकडा मोठा दिसला, २० टक्के वगैरे, म्हणून तेवढं घालायचं असं मात्र नाही, ती त्वचेसाठीची मर्यादा आहे, बेसची मर्यादा वेगळी आणि ती साधारण ३ टक्के. मी १ ते २ टक्क्यांत थांबते. हिशोब वजनावर करा, ५०० ग्रॅम बेसला २ टक्के म्हणजे १० ग्रॅम. थेंब मोजू नका, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळा असतो. जास्त वास घातला तर तो बेसमधून बाहेर येऊन वर तेलाचे थेंब बसतात आणि लोक त्यालाही घाम समजतात, बोटाने चोळून बघा, घाम पाण्यासारखा आणि जरा चिकट लागतो, हे तेल लागतं आणि वास मारतं.

इसेन्शियल ऑइल नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा गैरसमज सोडा. दालचिनी आणि लवंग त्वचेला अगदी कमी प्रमाणातही झोंबू शकतात, लिंबूवर्गीय तेलं हवा लागून जुनी झाली की अ‍ॅलर्जीचा धोका वाढतो. त्यांचा वासही लवकर उडतो. संत्रं, लिंबू दोन महिन्यांत फिकं पडतं, लॅव्हेंडर आणि पचौली बऱ्यापैकी टिकतात. व्हॅनिला किंवा चॉकलेटी गोड वास आवडत असेल तर बाटलीवर व्हॅनिलिनचं प्रमाण बघा, व्हॅनिलिन साबणाला हळूहळू तपकिरी करतं, पांढरा साबण आठवडाभरात चहाच्या रंगाचा होऊ शकतो. व्हॅनिला स्टॅबिलायझर मिळतं, त्याने उशीर होतो, पण सरळ रस्ता म्हणजे असा वास तपकिरी डिझाइनमध्येच वापरायचा. फ्लॅश पॉइंटबद्दल तुम्ही विचारलंय, की त्या तापमानाच्या वर घातलं तर वास उडून जातो का. नाही. फ्लॅश पॉइंट म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते, त्याचा वास टिकण्याशी थेट संबंध नाही. कमी तापमानाला वास घाला हे खरंच आहे, पण कारण ते नाही, गरम असताना कुठलंही तेल जास्त उडतं एवढंच.

रंगांत स्वयंपाकातला खायचा रंग घेऊ नका. तो पाण्यात विरघळतो म्हणून साबणातही शेजारच्या थरात पसरतो, दोन आठवड्यांत लाल पांढरी सीमारेषा गुलाबी ढग होते, आणि उजेडात फिका पडतो. मेणबत्तीचा रंग, खडू, पावडरचा कुठलाही क्राफ्टचा रंग हेही नको. घ्यायचं ते कॉस्मेटिक ग्रेड मायका (चमकदार पूड), आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, हे न विरघळणारे रंग. पाकिटावर सीआय नंबर असतात आणि ते वाचायला शिकलात तर फसणार नाही. ७७०१९ म्हणजे मायका, ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे लाल, पिवळा, काळा आयर्न ऑक्साइड, ७७००७ अल्ट्रामरीन, हे सगळे जागच्या जागी राहतात. पण चकचकीत निळ्या मायकात ४२०९० किंवा पिवळ्यात १९१४० दिसला तर त्यात विरघळणारा रंग मिसळलाय, तो पसरू शकतो. एकरंगी साबणात चालेल, थरांच्या साबणात नको. मायका कोरडी टाकली तर गोळ्या होतात, अर्धा चमचा मायका थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ग्लिसरीनमध्ये आधी कालवून घ्या. ५०० ग्रॅमला अर्ध्या ते एका लहान चमच्यापर्यंत पुरते, फेसाला रंग यायला लागला म्हणजे जास्त झालाय. हळद घालायची असेल तर माहीत असू द्या की अल्कलीत ती लालसर होते आणि उन्हात फिकी पडते, आणि पूड तळाला बसून खरखरीत लागते. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, केओलिन क्ले चांगले, त्यांनाही आधी ओलं करायचं, ५०० ग्रॅमला एक लहान चमचा खूप झाला.

साचे सिलिकॉनचे घ्या, विषय संपला. मऊ, पण भरल्यावर फुगणार नाही इतके जाड. कडक प्लास्टिकचे दिसायला नक्षीदार असतात पण त्यातून काढताना नवीन माणूस रडकुंडीला येतो, असतीलच तर आधी चारी बाजू बाहेर ओढून आत हवा जाऊ द्यायची आणि मग मधोमध अंगठ्याने दाबायचं. साच्यात किती बेस मावेल ते काढायला त्यात पाणी भरून ते वजन करा, तेवढे ग्रॅम आणि वर थोडा जादा बेस घ्या कारण बेस पाण्यापेक्षा किंचित जड असतो आणि भांड्यालाही लागून राहतो. आकारात खोल बारीक नक्षी पहिल्यांदा नको, त्यात बुडबुडे अडकतात.

बाकी सामान फार नाही. १ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, वासासाठी जमलं तर ०.१ ग्रॅमचा, थर्मामीटर, उष्णता सहन करणारा काचेचा जग, सिलिकॉनचा चमचा, स्प्रे बाटली, गुंडाळायला रॅप. स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवा, वास भांड्यांत आणि सिलिकॉनमध्ये मुरतो तो निघत नाही. आणि एक वही. कुठला बेस, किती ग्रॅम, वास कुठला किती, किती अंशाला ओतला, त्या दिवशी हवा दमट होती का. पुढच्या वेळी कुठलं तेल किती घातलं होतं ते आठवत बसावं लागत नाही.

कुणाला द्यायचा असेल तर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा आणि दोन दिवस वाट बघा, आणि पाकिटावर घटक लिहा. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं. पिंपल जातील, इसब जाईल असं लिहू किंवा सांगू नका, साबण अर्ध्या मिनिटात धुवून जातो.

आता तुमच्या हातात जो लॉट आहे त्याचं काय, टाकू की नको असं शेवटी विचारलंय. त्यात लिंबाचा रस आणि पाकळ्या आहेत म्हणून तो साठवून ठेवू नका आणि कुणाला देऊ पण नका. वर बुरशी किंवा आंबूस वास नसेल तर हात धुवायला येत्या दोन आठवड्यांत घरातच वापरून टाका, पाकळ्या सुरीने काढून. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळाच टाका, तेवढाच भाग कापून बाकीचा ठेवायचा नाही, कारण ती आत गेलेली असते. पण तुम्ही लिहिलंय की पारदर्शक बेसचा एक मोठा तुकडा काहीही न घालता तसाच उरलाय, त्यावर नुसता घाम आहे. तो अगदी चांगला आहे. कोरड्या फडक्याने पुसा, तुकडे करा, एकदा आधीच वितळवलेला असेल तर ५०० ग्रॅमला एक लहान चमचा डिस्टिल्ड वॉटर घाला कारण पहिल्या वेळी पाणी उडालेलं असतं, झाकून ६० पर्यंतच तापवा, १ टक्का लॅव्हेंडर घाला, रंग नको, थर नको, साच्यात ओता, एक फवारा मारा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.